दोनशे बारा अजून खाली आहे

अकरा वर्षांपूर्वी मला एक पत्र आलं होतं. त्याचं उत्तर मी दिलं नाही. द्यायचं नव्हतं असं नाही. देता देता राहिलं. पत्र असं होतं:

‘बिल्ला क्रमांक २१२ यांस,
आमच्या फळ्यानुसार आपण अद्याप खाली आहात. वर आला असल्यास तसे लेखी कळवावे. आला नसल्यास तसेही कळवावे. आपला दिवा आपल्याकडेच आहे, याची नोंद घ्यावी.
दिवेखोली’

कोणालाही वाटेल, यात उत्तर द्यायला काय अवघड आहे? ‘मी वर आहे’ एवढंच तर लिहायचं. मी तसं लिहूनही पाहिलं. पण कागदावर ते फार फुशारकीचं दिसायला लागलं. मग ‘मी वर आलो असावा’ असं लिहिलं. ते वाचून मलाच शंका यायला लागली. मग मायना कोणता घालावा इथपासून सुरुवात केली आणि दोन वर्षं गेली.

पत्र कशाचं होतं ते सांगायला हवं.

मी कोळशाच्या खाणीत हजेरी कारकून होतो. खाणीच्या तोंडाशी दिवेखोली होती. खाली जाणारा प्रत्येक जण तिथून डोक्याला लावायचा दिवा घ्यायचा. भिंतीवर मोठा फळा होता, त्याचे दोन भाग. डाव्या भागावर लिहिलं होतं ‘वर’, उजव्या भागावर ‘खाली’. प्रत्येकाचा नंबर घातलेला पितळी बिल्ला खिळ्याला टांगलेला. खाली जाताना आपला बिल्ला आपल्या हाताने डावीकडून उजवीकडे लावायचा, आणि पिंजऱ्यातून, म्हणजे खाणीच्या लिफ्टमधून, वर आलं की परत डावीकडे. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. माझ्या आधीच्या काळात एकाने मित्राचा बिल्ला भलेपणाने हलवला होता. मित्र घरी गेला असेल असं त्याला वाटलं. तो मित्र पुढे दोन दिवस खाली बसून राहिला, कारण फळ्याप्रमाणे तो घरी होता आणि घरी असलेल्या माणसाला शोधायला खाली कोण उतरणार?

हजेरी कारकुनाला खाली जायचं काही काम नसतं. एकवीस वर्षांच्या नोकरीत मी एकदाच गेलो. कामगारांचं एक वाचनालय होतं, म्हणजे एक कपाट होतं, आणि त्याची किल्ली माझ्याकडे असे, म्हणून मला सगळे मास्तर म्हणत. एका सुरुंगवाल्याने समुद्रप्रवासाचं एक जाडजूड पुस्तक सात महिने परत केलं नव्हतं. चारचौघांत ‘पुस्तक आणून द्या’ म्हणायचं माझ्या जिवावर आलं. तो ते खालीच एका कोनाड्यात, जेवणाच्या डब्यामागे ठेवतो, असं कानावर आलं होतं. एक दिवस त्याची पाळी नाही असं बघून मी दिवा घेतला, बिल्ला उजवीकडे लावला आणि खाली गेलो.

पुस्तक सापडलं. समासात काळी बोटं उमटलेली होती. पानं फाटली आहेत का बघावं म्हणून उघडलं आणि बसल्या बसल्या वाचायला लागलो. मान वर केली तेव्हा पाळी सुटलेली होती आणि पिंजरा बंद झाला होता. मी घाबरलो नाही, कारण तीन प्रकरणं उरली होती. ती संपवली आणि मागच्या चढणीच्या वाटेने, जिथून पूर्वी खेचरं कोळसा ओढायची, टेकडीच्या पलीकडे बाहेर पडलो. चांगलं ऊन होतं. तिथून वळसा घालून दिवेखोलीत जायचं, दिवा द्यायचा, बिल्ला हलवायचा आणि इतका वेळ कुठे होतो ते सांगायचं. ‘वाचत होतो’ असं सांगायचं! मी सरळ घरी गेलो. म्हटलं, उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप आणि नोटीस. खाण बंद.

याला आता एकतीस वर्षं झाली. मी खाली नाही हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. दिवेखोलीचा माणूस, ज्याला आम्ही सगळे दिवेदादा म्हणायचो, तो त्याच संध्याकाळी माझ्या खिडकीतून डोकावून गेला होता. मी खुर्चीत दिसलो, त्याची काळजी मिटली. पण खिडकीतून दिसलेलं फळ्यावर लागत नाही. पुढे बाजारात आम्ही शेकडो वेळा भेटलो. ‘काय मास्तर, बरं आहे ना?’ ‘बरं आहे, दादा.’ विषय दोघांनीही काढला नाही. मग खाणीच्या जागी उद्यान झालं, तिथल्या दिवेखोलीचा राखणदार म्हणून दिवेदादालाच ठेवलं, राहायलाही तिथेच, आणि त्याने पहिल्याच आठवड्यात जुनी वही काढून मला पत्र पाठवलं. त्यानंतरही आम्ही बाजारात भेटत राहिलो. ‘काय मास्तर, बरं आहे ना?’ ‘बरं आहे, दादा.’

हे असंच चाललं असतं. पण गेल्या बुधवारी भाजीच्या दुकानात दिवेदादाची मुलगी माझ्या समोर उभी राहिली.

‘‘मास्तर, मंगळवारी टेम्पो येतोय. बाबांना माझ्याकडे घेऊन जायला. ही तिसरी खेप. दोनदा टेम्पो रिकामा परत गेलाय.’’

‘‘असं का?’’ मी म्हटलं.

‘‘असं का काय विचारता? खाली माणूस असताना दिवेखोली सोडता येत नाही म्हणतात. मागच्या महिन्यात मोरीत पडले ते सकाळपासून दुपारपर्यंत तसेच होते. कोणी बघायला नाही. पुढच्या वेळी काय व्हायचं? तुम्ही एकदाचे वर या हो.’’

मी ‘हो, हो’ म्हणालो, दोन मुळे जास्तीचे घेतले आणि घरी येऊन झोपलो.

शनिवारी पुतणी आली. ती महिन्यातून एकदा येते आणि माझं घर आवरते, म्हणजे माझी पुस्तकं उचलून दुसरीकडे ठेवते. त्या दिवशी तिने तळचा खण उघडला. पत्र वाचलं. खाली दिवा होता, तो उलटापालटा करून बघितला.

‘‘काका, अकरा वर्षं?’’

‘‘मायना जमत नव्हता.’’

‘‘उठा. बूट घाला.’’

‘‘आत्ता? टेकडी चढायची?’’

‘‘डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ना? चला, चालत चालत वर आणू तुम्हाला.’’

तिच्यापुढे माझं काही चालत नाही. दिवा तिने पिशवीत घातला.

उद्यानात मी कधी गेलो नव्हतो. जिथे कोळशाच्या गाड्या भरायच्या तिथे आता तळं होतं आणि त्यात बदकाच्या आकाराच्या होड्या. दगडमातीच्या ढिगाऱ्यांवर झाडं लावली होती, आणि त्यांच्यामधून वर जाणारी पायवाट. वाटेवर शंभर शंभर पावलांवर एक फलक. पहिल्या फलकावर लिहिलं होतं: ‘आपण दोनशे बाराच्या डोक्यावर चालत आहात. कृपया उड्या मारू नयेत.’

पुतणी खदखदून हसली. मी मात्र जपून पाय टाकायला लागलो.

अर्ध्या चढावर माझा दम संपला. तिथे जमिनीतून दोन हात रुंदीचा एक लोखंडी पाईप कमरेपर्यंत वर आला होता. खाली हवा पोचवायचा जुना पाईप. त्याच्या मागे टेकून मी बसलो आणि बुटाची नाडी बांधायला लागलो. तेवढ्यात पलीकडून पंधरावीस माणसांचा घोळका आला. पुढे पिवळ्या जाकिटातला गाईड, गळ्यात शिट्टी.

‘‘तर मंडळी, हा पाईप थेट खाली जातो. आणि खाली कोण?’’

‘‘दोनशे बारा!’’ मंडळी ओरडली. त्यांना आधी शिकवलं असावं.

‘‘बरोब्बर! खाण बंद झाली तेव्हा सगळे वर आले. एक जण म्हणाला, मी येत नाही. साडेसहा फूट उंची. ही मिशी! भीती म्हणजे काय ते त्याच्या गावी नव्हतं. शेवटच्या साथीदाराला पिंजऱ्यात बसवलं आणि स्वतः मागे राहिला. त्याचा बिल्ला आजही फळ्यावर आहे. खालच्या बाजूला!’’

पुतणीने माझ्याकडे बघितलं. माझी उंची पाच फूट तीन इंच आहे. मिशी मला कधी पेललीच नाही. दाराची कडी वाजली तरी मी दचकतो.

‘‘त्याला एकच शौक,’’ गाईड म्हणाला. ‘‘वाचन. म्हणून पाहुणे इथून पुस्तकं टाकतात. आणलंय कोणी?’’

एका गृहस्थाने जाड पुस्तक आणलं होतं. त्याने ते पाईपमध्ये सोडलं. मी मान वाकडी करून नाव वाचायचा प्रयत्न केला, जमलं नाही. बऱ्याच वेळाने खालून हलकासा आवाज आला. माझ्या मनात आलं, अकरा वर्षं पुस्तकं पडतायत. खाली असलेल्याचं माझ्यापेक्षा किती तरी जास्त वाचून झालं असेल. त्याला चष्म्याचा नंबरही बदलावा लागला नसेल.

मग एक वयस्क बाई पाईपवर वाकल्या. हातातली पर्स सांभाळत त्यांनी आत हाक मारली, ‘‘अहो, जेवलात का?’’

आत आवाज घुमला आणि विरला. बाई तशाच वाकून उभ्या. इतक्या आपुलकीने कोणी विचारावं आणि उत्तर मिळू नये, हे मला बघवेना. शिवाय प्रश्न एका परीने मलाच होता.

‘‘हो, जेवलो,’’ मी पाईपच्या मागून हळूच म्हणालो.

माझा आवाज मुळात घोगरा. लोखंडाला लागून तो भलताच खोल आला. घोळक्यातला एक जण मटकन खाली बसला. गाईडच्या तोंडातून शिट्टी गळून पडली.

बाईंना मात्र काही नवल वाटलं नाही. ‘‘पोटभर?’’

पुतणी तोंडावर ओढणी दाबून झाडामागे गेली होती. मी अडकलो. ‘‘बेताचंच,’’ म्हटलं.

‘‘आवाज खोल गेलाय हो बिचाऱ्याचा,’’ बाई बाकीच्यांना म्हणाल्या. ‘‘साडेसहा फुटाचा माणूस, बेताचं जेवून कसं भागायचं?’’ आणि त्यांनी पर्समधून बिस्किटांचा पुडा काढून पाईपमध्ये टाकला.

घोळका पुढे गेला तेव्हा मी उठलो. पुढची चढण आम्ही चढलो. पुतणी हसू दाबत होती, आणि मी दुसऱ्याच्या नावाचा बिस्किटांचा पुडा खाल्ल्यासारखा अपराधी चेहरा करून चालत होतो. खरं तर पुडा मी खाल्लाही नव्हता.

टेकडीच्या माथ्यापलीकडे चढणीच्या वाटेचं तोंड होतं. मी ज्यातून बाहेर आलो तेच. आता तिथे दार बसवलं होतं आणि आत झाडू, बादल्या आणि एक मोडकं बदक ठेवलं होतं. दहा पावलांवर भिंत घातलेली. दारावर फलक: ‘खेचरांची जुनी वाट. या वाटेने बाहेर पडणे मनुष्यास अशक्य होते.’

मी तो फलक दोनदा वाचला. छापलेल्या अक्षरावर माझा आयुष्यभर विश्वास. मी आत वाकून बघितलं. वाट खरंच फार अरुंद वाटत होती.

‘‘काका,’’ पुतणी म्हणाली, ‘‘काय बघताय?’’

‘‘काही नाही. इथून मी आलो असेन का, ते बघतोय.’’

‘‘मग माझ्याशी कोण बोलतंय?’’

‘‘ते आहेच,’’ मी म्हटलं. पण माझा आवाज पाईपमधून आल्यासारखा मलाच वाटला.

उतारावरून आम्ही दिवेखोलीत पोचलो तेव्हा सव्वातीन वाजले होते. मुलगी जमिनीवर बसून ट्रंकेत भांडी भरत होती. दिवेदादा टेबलाशी. दिव्यांच्या फळ्या पुसून चकचकीत, सगळ्या लोखंडी आकड्यांवर दिवे, एकच आकडा रिकामा. मागे भिंतीवर तो फळा. डावीकडे बिल्ल्यांची गर्दी. उजवीकडे एकुलता एक.

‘‘या मास्तर! गुडघे काय म्हणतात?’’

‘‘बरे आहेत, दादा.’’

‘‘आलात एकदाचे!’’ मुलगी म्हणाली आणि हातातलं पातेलं खाली ठेवून उभीच राहिली.

मी पिशवीतून दिवा काढून टेबलावर ठेवला. दिवेदादाचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, झालं, सुटलो. त्याने नंबर बघितला, काच फडक्याने पुसली, पट्टा ओढून तपासला, आणि उठून रिकाम्या आकड्यावर दिवा टांगला. मग वही उघडून लिहिलं: ‘दिवा क्र. २१२ परत आला.’ तारीख घातली. मग त्याची लेखणी थांबली. त्याने फळ्याकडे बघितलं. मग दिव्याकडे. चेहरा पांढराफटक.

‘‘म्हणजे दिवा वर आला,’’ तो म्हणाला, ‘‘आणि माणूस खाली? अंधारात?’’

‘‘दादा, मी इथे आहे.’’

‘‘तुम्ही आहात हो. तुमचं मी कुठे काय म्हणतोय? मी दोनशे बाराचं म्हणतोय.’’

मुलीने कपाळावर हात मारला. ‘‘बाबा, हेच दोनशे बारा!’’

‘‘मला ठाऊक नाही का? आठवड्यातून तीनदा बाजारात भेटतात. पण फळा काय म्हणतो?’’ त्याने दिवा परत काढला. ‘‘दोरी कुठे आहे? पाईपमधून खाली सोडतो.’’

‘‘आजोबा, आजोबा, थांबा,’’ पुतणी मधे पडली. ‘‘काकांनाच त्यांचा बिल्ला हलवू दे ना. त्यांच्या हाताने. मग तर झालं?’’

मी फळ्याकडे एक पाऊल टाकलं. दिवेदादा ऐंशी वर्षांचा, पण माझ्याआधी फळ्यासमोर पोचला.

‘‘पिंजऱ्यातून आलात का मास्तर? नाही. या दारातून आलात. दारातून आलेल्याने बिल्ला हलवायचा असता तर घरून येऊन कोणीही हलवला असता.’’

‘‘मग ते खाणीत जाऊन येतात,’’ पुतणी म्हणाली. ‘‘पाहुण्यांसाठी पिंजऱ्याने चाळीस फूट खाली नेतात की.’’

‘‘आत जायचं तर आधी बिल्ला उजवीकडे लावावा लागतो. यांचा आधीच उजवीकडे आहे. एक माणूस दोनदा आत कसा जाईल, बाळ?’’

यावर पुतणीने हात टेकले. तिने हात टेकलेले मी पहिल्यांदाच पाहिले. मुलगी ट्रंकेतून भांडी बाहेर काढायला लागली. एक पातेलं, एक झाकण, एक डाव. प्रत्येक भांड्याचा आवाज मला लागत होता.

‘‘दादा,’’ मी विचारलं, ‘‘नियमात दुसरं काहीच नाही का?’’

‘‘आहे ना. एकोणिसावा. न नोंदवता बाहेर पडलेल्याला पत्र पाठवावं. पोस्टाचा शिक्का असलेलं उत्तर आलं की बिल्ला दिवेखोलीने हलवावा.’’

‘‘मग मी आत्ता इथेच लिहून देतो!’’

‘‘हातात दिलेलं चालत नाही. एकाने पूर्वी खालूनच चिठ्ठी पाठवली होती, रिकाम्या डब्यातून. ‘मी घरी पोचलो’ म्हणून. त्याला दोन पाळ्या झोपायचं होतं. तेव्हापासून शिक्का. खाली पाणी होतं, खेचरं होती, झोपायला फळ्या होत्या. पोस्टाची पेटी मात्र नव्हती. शिक्का आहे म्हणजे माणूस वर आहे.’’

मला ते एकदम पटलं. इतकं सरळ कारण एवढ्या वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं.

‘‘बाजारात एकदा तरी म्हणायचंत, दादा.’’

दिवेदादा ओशाळला. ‘‘पत्राचं उत्तर तोंडी कसं मागायचं? बरं दिसत नाही.’’ मग दिवा मांडीवर घेऊन खाली बघत म्हणाला, ‘‘हिच्या खिडकीतून समुद्र दिसतो म्हणे. मी अजून पाहिला नाही. त्या सुरुंगवाल्याने तुमच्या पुस्तकातलं खूप सांगितलं होतं. पण तुम्ही खाली असताना जायचं कसं?’’

मुलीने घड्याळ बघितलं. ‘‘फाटकासमोर पेटी आहे. चार वाजता उघडतात. आज गेलं तर सोमवारी इथे येतं. मास्तर, मंगळवारी टेम्पो आहे.’’

साडेतीन झाले होते. पुतणीने पर्समधून पाकीट काढलं, तिकीट लावलेलं. पत्रातलं ‘लेखी कळवावे’ वाचून घरून निघतानाच तिने ते घेतलं होतं. समोर चहाच्या टपरीबाहेर टेबल होतं, तिथे तिने मला बसवलं आणि पेन हातात दिलं.

‘‘मायना नाही घालायचा,’’ तिने बजावलं. ‘‘सरळ लिहायचं.’’

मी दोन ओळी लिहिल्या असतील नसतील, गाईड आला. त्याला दिवेखोलीत कळलं असावं. खुर्ची ओढून बसला आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळू लागला.

‘‘तुम्ही?’’

‘‘मी,’’ मी म्हटलं. ‘‘माफ करा.’’

‘‘पाईपमधला आवाजही?’’

‘‘तोही मीच. बाईंना वाईट वाटू नये म्हणून.’’

तो कळवळला. ‘‘आजोबा, तुम्ही वर आलात तर खाली कोण? मी लोकांना काय सांगू? गुपचूप मागच्या वाटेने घरी गेला असं सांगू? राग मानू नका, पण खाली आहे तो...’’

‘‘माझ्यापेक्षा बरा आहे,’’ मी म्हणालो. ‘‘राग कशाचा? मलाही तसंच वाटतं.’’

आणि ते खरं होतं. एकतीस वर्षं मी वर राहून काय केलं? कुठल्याशा कचेरीत तक्त्यांत आकडे भरले, मुळे जास्तीचे आणले, पत्रांची उत्तरं दिली नाहीत. तो खाली साथीदारांना वाचवून, मिशीला पीळ देऊन, शांतपणे वाचत बसला होता. लोक त्याला जेवलास का विचारत होते. मला मात्र माझी पुतणी सोडून कोणी विचारत नव्हतं, आणि तीही रागावून. मी लिहिलं नाही तर तो राहील. मी लिहिलं तर तो जाईल.

पुतणी नुसती टेबलावर बोटं वाजवत बसली. समोर दिवेखोलीच्या पायरीवर दिवेदादा येऊन उभा राहिला होता. हातात तो दिवा होता. भर उन्हात त्याने तो लावून ठेवला होता.

मी लिहिलं:

‘दिवेखोलीस,
आपल्या पत्राचे उत्तर द्यायला अकरा वर्षे लागली. मी वर आहे. त्या दिवशी पुस्तक वाचत बसलो, मागच्या वाटेने आलो आणि सांगायची लाज वाटली. खाली कोणी नाही. दिवेखोली सोडायला हरकत नाही.
२१२’

गाईडने उलट्या बाजूने वाचलं. ‘‘ती ‘खाली कोणी नाही’ एवढी ओळ काढता?’’

मी पेन उचललं. खोडायला तीन शब्द. बाकी मजकुराला धक्काही लागला नसता. पण ती ओळ नसती तर दिवेदादा समुद्राशेजारच्या खिडकीत बसून खालचीच काळजी करत राहिला असता. मी पेनला टोपण लावलं.

‘‘नको,’’ मी म्हणालो. ‘‘पण तुम्ही हवं तर सांगा, तो खूप पुस्तकं वाचून वर आला. अगदीच खोटं नाही होणार.’’

‘‘आणि उंची?’’

‘‘खाली राहून कमी झाली म्हणा.’’

गाईडने खिशातून वही काढली आणि ते लिहून घेतलं.

फाटकासमोरच्या पेटीशी पोचलो तेव्हा चारला पाच मिनिटं होती. पोस्टमन किल्ल्यांचा जुडगा घेऊन आलाच होता. मी पाकीट फटीत अर्धं सरकवलं आणि पुन्हा बाहेर काढलं. २१२ च्या खाली सही करायला हवी होती का? ‘हरकत नाही’ हे जरा अधिकाराने बोलल्यासारखं नाही ना झालं? आणि फलकावर तर स्पष्ट छापलं होतं, त्या वाटेने बाहेर पडणं अशक्य.

‘‘काका,’’ पुतणी म्हणाली.

‘‘टाकताय की नाही?’’ पोस्टमनने विचारलं. ‘‘का उघडून हातात घेऊ?’’

‘‘नको, नको,’’ मी घाईने म्हटलं. ‘‘पेटीतूनच जायला हवं. हातात दिलेलं चालत नाही.’’

आणि पाकीट सोडलं. आत ते लगेच पडलं. पाईपमधल्या पुस्तकाला लागला तेवढा वेळ लागला नाही.

रस्त्यापलीकडून, दिवेखोलीच्या पायरीवरून हाक आली, ‘‘मास्तर! टाकलंत का?’’

‘‘टाकलं, दादा!’’ मी इतक्या मोठ्याने ओरडलो की पोस्टमन दचकला.

‘‘बरं! सोमवारी बघतो!’’

त्याने दिवा मालवला आणि आत गेला. उघड्या दारातून मला दिसलं, तो खुंटीवरचा आपला कोट काढून, घडी घालून, मुलीच्या ट्रंकेत ठेवत होता.